१०-२० मिमी अल्ट्रावाइड झूम: डोंगर बारीक, इमारती कलंडलेल्या, कडेचे चेहरे रुंद. चुकतंय काय?

निळी_सांज:

१.५ क्रॉप सेन्सरचा (फुल फ्रेमपेक्षा दीडपट लहान) २४ मेगापिक्सेल कॅमेरा, त्यावर १०-२० मिमी झूम. याआधी १८-५५ किट लेन्स होती. या लेन्सच्या फोटोंत काही अडचणी सारख्या येताहेत.

१. समोर भव्य दिसणारी डोंगररांग फोटोत रेघेएवढी होते आणि खाली नुसती मोकळी जमीन पसरलेली दिसते.
२. इमारती मागे कलंडल्यासारख्या येतात.
३. ग्रुप फोटोत कडेच्या माणसांची डोकी रुंद होतात.
४. पोलरायझर (चमक घालवणारा, आकाश गडद करणारा फिल्टर) लावला की आकाशात एक गडद निळा पट्टा उमटतो, त्याच्या दोन्ही बाजू फिकट.
५. बऱ्याच फ्रेममध्ये उजवीकडचा खालचा कोपरा मऊ असतो. लेन्समध्येच दोष आहे का?

सेटिंग बहुतेक वेळा १० मिमी, एफ/१६, ऑटोफोकस मधल्या पॉइंटवर, रॉ (कॅमेऱ्याची कच्ची फाइल). जवळचं-लांबचं सगळं शार्प यावं म्हणून एफ/१६, म्हणजे ॲपर्चर (लेन्सचं छिद्र) अगदी लहान. यातलं सवयीने काय सुटेल, सॉफ्टवेअरने काय आणि लेन्स दुरुस्तीला द्यावी लागेल असं काय?

तिपाई:

पहिला प्रश्न मुळाचा आहे, म्हणून तोच आधी घेऊ. ‘सगळं फ्रेममध्ये मावावं’ म्हणून ही लेन्स लावली की फोटो रिकामा येणारच. १८ वरून १० मिमीवर आलात की लांबचा डोंगर रुंदीला आणि उंचीला निम्म्याहून थोडाच जास्त उरतो. म्हणजे फ्रेममधली त्याची जागा जवळजवळ एक तृतीयांशावर येते. उरलेली जागा आपोआप आकाश आणि जमीन भरून काढतात. ते भरण बघण्यासारखं नसेल तर फोटोत बघायला काहीच नसतं.

या लेन्सचा खरा उपयोग जवळ जाण्यासाठी आहे. हिशेब करून बघा. एक दगड कॅमेऱ्यापासून ५० सेंमीवर आहे आणि एक झाड ५ मीटरवर. तुम्ही फक्त अर्धा मीटर मागे सरकलात तर दगड फोटोत निम्मा होतो, झाड मात्र जेमतेम ९ टक्क्यांनी लहान होतं. एक पाऊल मागे घेतलं की पुढच्या वस्तूचा सगळा जोर जातो आणि लांबच्या वस्तूला ते कळतही नाही. उलट दगड एक मीटरवर असताना तेवढंच पाऊल पुढे गेलात तर तो दुप्पट. म्हणून १० मिमीला झूम रिंग फिरवण्यापेक्षा पाय आणि गुडघे जास्त कामाला लागतात.

करून बघायचा क्रम असा. आधी कॅमेरा बॅगेतच ठेवून जमिनीवर काहीतरी शोधा: भेगा, दगड, पाण्याचं डबकं, गवताचा झुपका, डोंगराच्या दिशेने जाणारी पायवाट. मग कॅमेरा त्या वस्तूपासून ५०-७० सेंमीवर आणा. बऱ्याच अल्ट्रावाइड झूमचं किमान फोकस अंतर २४ ते ३० सेंमी असतं आणि ते सेन्सरपासून मोजतात, लेन्सच्या तोंडापासून नाही. त्यामुळे वाटतं त्याहून जवळ जाता येतं.

कॅमेऱ्याची उंची ही त्यानंतरची निवड. गुडघ्याच्या उंचीला मधली मोकळी जमीन दबते आणि पुढची वस्तू मोठी होऊन थेट डोंगराला भिडते. छातीच्या उंचीला जमीन अंथरल्यासारखी पसरते. तुमच्या फोटोंत जमीन रिकामी दिसते, तेव्हा खाली बसा. जमिनीवर सुंदर नक्षी असेल, उदाहरणार्थ वाळूच्या लाटा, तर उभे राहा.

आणि पुढे ठेवण्यासारखं काहीच नसेल तर १० मिमी वापरूच नका. २० ला जा किंवा किट लेन्स लावा. डोंगररांग हाच विषय असेल तर ५५ मिमीला ती जास्त भव्य येते.

काटकोन:

कलंडणाऱ्या इमारतींबद्दल. दोष लेन्सचा नाही. कॅमेरा वर झुकवला की सेन्सर भिंतीला समांतर राहत नाही आणि उभ्या रेषा वर एकत्र येऊ लागतात. हे कुठल्याही लेन्सने होतं. रुंद लेन्सवर थोडा कलही डोळ्यात भरतो इतकंच. झुकवणं मुळात टाळायचं असेल तर आकडे पाठ करून ठेवा. १.५ क्रॉपवर १० मिमीला, कॅमेरा अगदी समतल धरला तर:

आडव्या फ्रेममध्ये लेन्सच्या पातळीच्या वर, अंतराच्या ०.७८ पट उंची मावते.
उभ्या फ्रेममध्ये अंतराच्या १.१८ पट.

समजा इमारत १२ मीटर उंच आहे, तुम्ही १० मीटरवर आहात आणि कॅमेरा दीड मीटर उंचीवर. आडव्या फ्रेममध्ये जमिनीपासून ९.३ मीटरपर्यंतच दिसेल, छत कापलं जाईल. कॅमेरा उभा केला की १३.३ मीटर मावतात. इमारत पूर्ण आली, कॅमेराही सरळ राहिला. खालच्या अर्ध्या भागात जमीन येते. ती कापून टाका किंवा वर तिपाईंनी सांगितलंय तसं तिथे काहीतरी ठेवा. समोरच्या इमारतीचा जिना किंवा गच्ची मिळाली तर त्याहून उत्तम, कारण कॅमेरा इमारतीच्या निम्म्या उंचीवर असला की कापायला फारसं काही उरत नाही.

समतल धरण्यासाठी कॅमेऱ्यातली इलेक्ट्रॉनिक लेव्हल चालू करा. ती दोन अक्षांची असली पाहिजे: एक डावा-उजवा कल दाखवते, दुसरी पुढचा-मागचा. पुष्कळ जुन्या कॅमेऱ्यांत पहिलीच असते, आणि इमारतींसाठी गरज दुसरीची असते. ती नसेल तर लाइव्ह व्ह्यूमध्ये ग्रिड लावून इमारतीच्या दोन्ही कडा ग्रिडच्या उभ्या रेषांशी जुळवा.

नंतर सॉफ्टवेअरमध्ये सरळ करता येतं, पण त्याची किंमत मोजावी लागते. वरचा भाग ताणला जाऊन मऊ होतो आणि दोन्ही बाजूंचा काही भाग कापला जातो. तसं करायचं ठरलंच असेल तर फोटो काढतानाच इमारतीच्या दोन्ही बाजूंना मोकळी जागा सोडा. कल थोडा असला तर दुरुस्ती खपून जाते. खूप झुकवून काढलेली इमारत सरळ केली की डोक्यावर जड आणि अनैसर्गिक उंच दिसते. मग ती कललेलीच बरी, किंबहुना अजून जवळ जाऊन मुद्दाम कलवलेली.

उभी_चौकट:

ग्रुप फोटोवर एक उपाय: माणसांना अर्धवर्तुळात उभं करा. कडेचे लोक थोडे पुढे आले की सगळे कॅमेऱ्यापासून सारख्या अंतरावर येतात. फोकसही सारखा मिळतो, आकारही.

काटकोन:

@उभी_चौकट, नेमकं इथेच थांबा. या लेन्सवर अर्धवर्तुळाने बिघडतं. डोळ्याला पटणारा उपाय आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

ही लेन्स रेक्टिलिनिअर आहे, म्हणजे सरळ रेषा सरळच ठेवते. अशा लेन्समध्ये वस्तूचा आकार कॅमेऱ्यापासूनच्या थेट अंतरावर ठरत नाही. सेन्सरला समांतर असलेल्या प्रतलापासून ती किती लांब आहे यावर ठरतो. सेन्सरला समांतर सरळ रांगेत उभी असलेली माणसं सगळी सारख्या उंचीची येतात, अगदी कडेची सुद्धा. फोकसचंही तेच, तो प्रतलावर बसतो. अर्धवर्तुळ केलं की ४० अंशावरचा माणूस त्या प्रतलाच्या हिशेबाने कॅमेऱ्याच्या जवळ येतो आणि मधल्यापेक्षा ३० टक्के उंच दिसतो. रुंद तर तो आधीच झालेला असतो. त्यामुळे रांग सरळ ठेवा.

आता रुंद का होतो ते. सपाट भिंत समांतर असेल तर तिच्यावरचं गोल घड्याळ कोपऱ्यातही गोलच येतं. डोकं मात्र सपाट नसतं. गोल वस्तू मध्यापासून जितकी लांब, तितकी बाहेरच्या दिशेने ताणली जाते. १० मिमीला डाव्या-उजव्या कडेवर ती उंचीच्या दीडपट रुंद होते, कोपऱ्यात जवळजवळ पावणेदोनपट लांबट. २० मिमीला कडेवर हाच ताण १६ टक्के. मधल्या दोन तृतीयांश भागातच चेहरे ठेवले तर १६ मिमीला कमाल ११ टक्के, १० मिमीला मात्र २७.

म्हणून माणसं असतील तर १६ ते २० मिमी वापरा, चार पावलं मागे जा, दोन-तीन ओळी करा आणि दोन्ही बाजूंना फ्रेमचा सहावा भाग मोकळा सोडा. हातपाय कडेला पसरू देऊ नका. फोटो आधीच काढून झाला असेल तर डीएक्सओ व्ह्यूपॉइंटमध्ये हा ताण कमी करण्याची सोय आहे, पण तिने कडेच्या सरळ भिंती वाकतात. माणसांमागे खांब-दारं असतील तर दोन्हींत समजुतीने मधला आकडा निवडावा लागतो.

खोल्यांचे फोटो काढताना हाच नियम ताटं, दिवे आणि गोल टेबलांना लावा. कोपऱ्यातली गोल बशी लंबगोल झाली की बघणाऱ्याला खोलीच खोटी वाटते. ती वस्तू उचलून मध्याकडे आणणं हा एका मिनिटाचा उपाय आहे.

उभी_चौकट:

पटलं. फिशआयवर (सरळ रेषा वाकवणाऱ्या अतिरुंद लेन्सवर) अंतराचा हिशेब चालतो आणि तोच इथे लावला गेला. दुरुस्तीबद्दल आभार.

पोलरायझरचं सांगतो. आकाशाचा प्रकाश सूर्यापासून ९० अंशावरच्या पट्ट्यात सर्वांत जास्त ध्रुवित असतो आणि तिथून दोन्हीकडे कमी होत जातो. १० मिमीला आडव्या फ्रेममध्ये जवळजवळ १०० अंश दिसतात, म्हणजे गडद आणि फिकट दोन्ही भाग एकाच फोटोत येणार. फिल्टर कितीही भारी असो, हे होणारच. पट्टा कुठे येईल ते आधी कळतं: तर्जनी सूर्याकडे, अंगठा तिला काटकोनात, आता मनगट फिरवा. अंगठा आकाशात जिथून जिथून फिरतो तोच गडद पट्टा.

आकाश मोठं असेल तर पोलरायझर काढा आणि निळा रंग रॉमध्ये गडद करा. पट्टा नंतर पुसायला जाल तर कडा उघड्या पडतात. पाण्यावरची किंवा ओल्या पानांवरची चमक घालवायला मात्र तो जरूर लावा, कारण ते काम सॉफ्टवेअरने होत नाही. फक्त फ्रेममध्ये आकाश कमी ठेवा.

फिल्टरची कडा पातळ असावी आणि एकावर एक दोन लावू नयेत, नाहीतर १० मिमीला कोपरे काळे येतात. तपासायला पांढऱ्या भिंतीचा एक फोटो एफ/११ किंवा एफ/१६ ला काढा. ॲपर्चर लहान केल्यावर कडेची सावली धारदार होते आणि लगेच दिसते. काळं येत असेल तर झूम ११-१२ ला नेल्यावर बहुधा जातं. निकॉन एएफ-एस १४-२४ एफ/२.८ सारख्या फुगीर काचेच्या लेन्सवर स्क्रूचा फिल्टर बसतच नाही, तुमच्या लेन्सवर बसतो हे चांगलंच आहे.

आणखी एक, तुम्ही विचारलं नाहीये तरी. कॅमेऱ्याचा अंगचा फ्लॅश या लेन्ससोबत वापरू नका. तो साधारण १८ मिमीच्या दृश्यकोनापुरताच प्रकाश टाकतो आणि लेन्सची अर्धगोल सावली फ्रेमच्या खाली पडते.

रॉ_फाइल:

एफ/१६ कडे कुणी वळलं नाही म्हणून लिहितो. शार्पनेस तुम्ही तिथेच घालवताय.

१.५ क्रॉपच्या २४ मेगापिक्सेल सेन्सरचा पिक्सेल साधारण ३.९ मायक्रॉनचा असतो. डिफ्रॅक्शनमुळे (लहान छिद्रातून जाताना प्रकाश पसरतो त्यामुळे) प्रत्येक बिंदूची जी चकती बनते ती एफ/८ ला सुमारे ११ मायक्रॉनची आणि एफ/१६ ला २१. म्हणजे एफ/१६ ला पूर्ण फ्रेम, फोकस अचूक असूनही, थोडी थोडी धूसर होते. शार्पनिंगने काही अंशी भरून येतं, सगळं नाही. आणि १० मिमीला एफ/१६ ची गरज जवळजवळ कधीच पडत नाही.

हायपरफोकल अंतर बघा, म्हणजे जिथे फोकस लावला की त्याच्या निम्म्या अंतरापासून अनंतापर्यंत सगळं शार्प येतं ते अंतर. छापील तक्ते सहसा ०.०२ मिमीचा धूसरतेचा निकष (सेन्सरवर एवढा ठिपका झाला तरी तो शार्प मानायचा) धरतात. तो २४ मेगापिक्सेलचा फोटो स्क्रीनवर १०० टक्के मोठा करून बघणाऱ्याला ढिला पडतो. खालचे आकडे ०.०१ मिमी धरून काढले आहेत.

१० मिमी, एफ/८: फोकस १.२५ मीटरवर, शार्प ६३ सेंमीपासून अनंतापर्यंत.
१० मिमी, एफ/११: फोकस ९० सेंमीवर, शार्प ४६ सेंमीपासून अनंतापर्यंत.
२० मिमी, एफ/८: फोकस ५ मीटरवर, शार्प अडीच मीटरपासून अनंतापर्यंत.

फोकल लेंग्थ दुप्पट झाली की हे अंतर चौपट होतं. म्हणून १० ला फोकस लावून झूम २० वर नेलात तर फोकस पुन्हा लावा. शिवाय या लेन्स झूम करताना फोकस धरून ठेवतीलच अशी खात्री नसते.

मधल्या पॉइंटवरच्या ऑटोफोकसवर विसंबू नका. १० मिमीला त्या छोट्या चौकटीत लांबचं झाड मूठभर पिक्सेलचं असतं, कॅमेऱ्याला धरायला तपशील मिळत नाही आणि चौकटीत आलेल्या दुसऱ्याच कशावर तरी तो थांबतो. पद्धत अशी: लाइव्ह व्ह्यू चालू करा, हव्या त्या अंतरावरच्या दगडावर चौकट नेऊन फोकस घ्या, पूर्ण मोठं करून तपासा, मग लेन्स मॅन्युअलवर टाका. रिंगवरचे आकडे आडाख्यापुरते घ्या. अर्ध्या मीटरपासून अनंतापर्यंतचं सगळं अंतर तिथे काही मिलिमीटरमध्ये कोंबलेलं असतं, केसभर हललं तरी फरक पडतो. रात्री ताऱ्यांसाठी तर रिंग शेवटपर्यंत फिरवून ‘अनंत’ समजू नका, बऱ्याच लेन्स अनंताच्या पुढेही जातात. ठळक तारा मोठा करून फोकस लावा. १० मिमी, एफ/४ ला २० सेकंदांपर्यंत तारे बऱ्यापैकी टिंबासारखे राहतात. नेहमीच्या आडाख्याने ५०० ला १५ ने (१० मिमी गुणिले १.५ क्रॉप) भागून येणारे ३३ सेकंद या सेन्सरला जास्त होतात.

आता तुमचा पाचवा प्रश्न. दुरुस्तीला देण्याआधी ही चाचणी करा:

१. ट्रायपॉड, स्टॅबिलायझर बंद, दोन सेकंदांचा टायमर. किमान ३० मीटरवर बारीक तपशिलाची एक वस्तू निवडा. अक्षरांची पाटी सर्वांत सोयीची.
२. १० मिमीला सर्वांत मोठं ॲपर्चर. पाटी मध्यात घेऊन मॅन्युअल फोकस लावा आणि नंतर रिंगला हात लावू नका.
३. कॅमेरा फिरवून तीच पाटी चारही कोपऱ्यांत आणून एकेक फोटो. मग एफ/८ ला पुन्हा सगळं.
४. सॉफ्टवेअरमधलं लेन्स करेक्शन बंद ठेवून चारही कोपरे एकमेकांशी ताडा. मध्याशी ताडू नका. कोपऱ्यात चित्र ताणलेलं असतं, त्यामुळे ते मऊ दिसणारच.

एकच कोपरा किंवा एकच बाजू एफ/८ लाही स्पष्टपणे मागे पडत असेल तर आतली एखादी काच मध्यापासून सरकलेली आहे. ते दुरुस्ती केंद्राचं काम, सोबत हे फोटो द्या. चारही कोपरे सारखेच मऊ असतील तर आणखी एक फोटो काढा: या वेळी फोकस कोपऱ्यातल्या पाटीवर लावून. कोपरा खणखणीत झाला आणि मध्य बिघडला, तर लेन्सचं फोकसचं प्रतल वक्र आहे. तो बिघाड नव्हे, त्या डिझाइनचा स्वभाव आहे, आणि एफ/८ ला बराचसा झाकला जातो.

वीट-भिंतीची चाचणी करू नका. सेन्सर भिंतीला तंतोतंत समांतर ठेवणं घरी फार अवघड, आणि चुकलं की चांगल्या लेन्सवर आळ येतो.

निळी_सांज:

चाचणी केली. एफ/४ ला चारही कोपरे सारखेच किंचित मऊ, एफ/८ ला चारही स्वच्छ. म्हणजे लेन्स ठीक दिसते. पण मग जुन्या फोटोंत उजवा खालचाच कोपरा का? त्या फाइली पुन्हा उघडल्या. दोन-तीन फ्रेममध्ये त्या कोपऱ्यात सुमारे ५० सेंमीवर एक दगड आहे. पण तिथे एफ/१६ होतं, मग दगड शार्प यायला हवा होता ना?

रॉ_फाइल:

फोकस कुठे होता ते बघा. मधला पॉइंट डोंगरावर, म्हणजे फोकस अनंतावर. अनंतावर फोकस ठेवला की १० मिमी, एफ/१६ ला शार्प भाग ६३ सेंमीपासून सुरू होतो. दगड ५० वर, म्हणजे बाहेरच राहिला. एफ/११ ला फोकस ९० सेंमीवर आणला असता तर ४६ सेंमीपासून डोंगरापर्यंत सगळं आत आलं असतं, डिफ्रॅक्शनही कमी झालं असतं. शिवाय दगड अगदी कोपऱ्यात होता, तिथे तो ताणला जाऊन आणखी मऊ दिसतो. पुढच्या वेळी त्याला फ्रेमच्या कडेपासून एक तृतीयांश आत घ्या.

तिपाई:

आणि तो दगड खरंच चांगला असेल तर आणखी १५ सेंमी जवळ जा. ३५ सेंमीवर एफ/११ लाही एका फोकसमध्ये भागणार नाही, तेव्हा एफ/११ ला दोन फोटो: एक फोकस दगडाच्या पुढच्या कडेवर, दुसरा ९० सेंमीवर. ट्रायपॉड, एक्स्पोजर आणि व्हाइट बॅलन्स मॅन्युअल. दोन फोटोंच्या मध्ये झूम रिंगला धक्का लागू देऊ नका, नाहीतर जोडताना कडा जुळत नाहीत. वारा असेल तर गवताचा झुपका टाळून दगडच निवडा. ऊन पाठीमागून येत असेल तर ट्रायपॉडची आणि स्वतःची सावली फ्रेमच्या खालच्या कडेला आली नाही ना, ते शटर दाबण्याआधी एकदा बघून घ्या. १० मिमीला ती हमखास येते.